आजचा आवाज

अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारायला येतं. भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत मला बालवाडीतली गाणीवाली बाई म्हणून ओळखतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी नव्या आया सोफ्याच्या कडेला बसून म्हणतात, "मॅडम, घरात जरा गाण्याचं वातावरण पायजे. कोणता क्लास लावू?" क्लास लावू नका, मी सांगते. काही विकतही आणू नका. रोज संध्याकाळी जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात ऐकलेला एक आवाज आणायचा. तोंडाने काढायचा नाही, घरातल्याच एखाद्या वस्तूतून काढून दाखवायचा. बाकीच्यांनी तो उचलायचा, त्याला ठेका द्यायचा, जमेल तसं त्यावर गुणगुणायचं. आणि काही झालं तरी कुणी आपली बारी, म्हणजे पाळी, चुकवायची नाही. त्या बिचाऱ्या मोबाइलमध्ये हे सगळं टिपून घेतात. दोघीतिघींच्या घरी तो खेळ रुजलाही आहे. खेळ कुणाचा, हेही मी सांगते. वडशाच्या पेटीमास्तरांचा, म्हणजे माझ्या बाबांचा. तो बाबांना कशासाठी लागत होता, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. ते सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागतं.

वडशाला रेल्वेलाइनच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, वर कवेलूंचं छप्पर आणि समोर ओटा. चारी बाजूंनी भाताच्या गिरण्या. त्यामुळे घरात कितीही झाडलं तरी कोंड्याची पिवळट भुकटी असायचीच, पाण्याच्या गुंडावर, देवांच्या फोटोवर, पेटीच्या पट्ट्यांवर. बाबा नाटक कंपनीत पेटी वाजवत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडई म्हणजे नाटक आलंच. होळीपर्यंत कंपनी या गावाहून त्या गावी फिरायची आणि बाबा घरी आलेच तर धुळीने माखलेले, आवाज बसलेला, डोळे तांबारलेले असे यायचे. उरलेलं वर्ष ते घरीच. पावसाळ्यात माय दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये भाताच्या रोवण्याला जायची आणि बाबा ओट्यावर बसून दमट पेटी उघडून तिचा एकेक सूर पुसत बसायचे. घरात बसलेल्या पुरुषाचं एक मुकं ओझं असतं, ते आमच्या घरावर होळीपासून दिवाळीपर्यंत असायचं. कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं. पण मायच्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्या ते पाहत आणि मान वळवून घेत, हे मला आठवतं.

अशाच एका पावसाळ्यात तो खेळ सुरू झाला. चुलीवर जाड्या तांदळाचा भात रटरटत होता, अंबाडीची भाजी झाली होती आणि लाखोळीच्या वरणाला फोडणी द्यायची राहिली होती. बाबा म्हणाले, "जेवाच्या आधी एक काम करा. आज दिवसभर काय काय ऐकलं? एकेक आवाज आना माह्या समोर." शेवंताताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि हुशार. तिने मुसळ घेतलं आणि रिकाम्या उखळात दोनदा ठोकून गिरणीचा पट्टा कसा आपटतो ते काढून दाखवलं. मी गडव्यावर नखं वाजवली. मायला वाटलं चेष्टा चालली आहे. पण बाबांनी तिच्याकडेही पाहिलं, तेव्हा ती लाजून म्हणाली, "माह्यापाशी कोठचा आवाज? चिखलाचा?" "मंग चिखलाचा आन," बाबा म्हणाले. तिने भिजवलेल्या पिठात मूठ दाबून उचलली, दाबून उचलली. रोवण्यातला पाय चिखलातून निघतो ना, तसाच तो आवाज आला. बाबांनी पेटीचा भाता हळूच ओढला, खर्जातला एक सूर त्याखाली ठेवला आणि आम्ही चौघं त्या पिठाच्या तालावर केवढा तरी वेळ वाजवत बसलो. मायने रोवण्यातल्या गाण्याचे दोन चरण गुणगुणले. भात खालून लागला. करपलेला भात खाऊनही त्या दिवशी कोणी कुरकुरलं नाही.

मग रोजचंच झालं. बाबा त्यात नवेनवे नियम घालत. एखादा दिवस तीन पट्ट्यांचा. पेटीच्या तीनच पट्ट्या वापरायच्या आणि दिवसभरात काय झालं ते त्यावर वाजवून सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. ताई आणि मी भांडलो की शिक्षा ठरलेली होती. तेच भांडण पुन्हा करायचं, पण शब्दांशिवाय, तिने भात शिजवायचा गंज घ्यायचा आणि मी सूप. पाच मिनिटांत आमचं भांडण ठेक्यात यायचं आणि ठेक्यात आलं की हसू फुटायचं. एखाद्या दिवशी एकाने चूक करायची आणि बाकीच्यांनी त्या चुकीलाच चाल बनवायची. मी पुढे बालवाडीत तीस वर्षं जे केलं ते सगळं याच ओट्यावरचं, माझं स्वतःचं त्यात फारसं काही नाही. बारी मात्र चुकवायची नाही. मला ताप आला होता तेव्हासुद्धा बाबांनी बाजेजवळ येऊन विचारलं होतं, "तुयी बारी?" मी दात वाजवून दाखवले होते.

आणखी एक नियम होता, तो त्यांनी कधी बोलून सांगितला नाही. आणलेला प्रत्येक आवाज ते ठेवत नसत. एखादा ऐकून मान हलवत, "ठेवा," आणि मग आम्ही तो घेऊन वाजवू लागायचो. एखाद्याला म्हणत, "हा नाई चालत. दुसरा आन." आम्हाला वाटायचं, मास्तरच ते, कडक असणारच. मी टिटवी आणली, दोन चमचे घासून. परत. सायकलची घंटी आणली, वाटीवर सुईने वाजवून. परत. ताईने रातकिडा आणला, तिच्या कंगव्याच्या दातांवरून काडी फिरवून. हुबेहूब होता. तोही परत. मुसळ, गंज, पीठ, दाराची फळी, पोत्यावरची थाप, हे सगळं राहायचं. त्यामुळे आम्ही नकळत जाडजूड आवाजच आणायला लागलो. आमच्या घरातलं संगीत दिवसेंदिवस खाली खाली उतरत गेलं, हे मला आता कळतं.

माय त्यांना कधी हाक मारत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे घरोघरी होतंच. तिची पद्धत म्हणजे चुलीपाशी बसून चिमट्याने जमिनीवर दोनदा ठोकायचं, की बाबा वळून पाहत. जवळ असले तर चिंचोका फेकून मारायची. शेजारच्या बाया हसत, आम्हीही हसायचो. नाव न घेणाऱ्या बाईची ती चाल आहे, असंच सगळ्यांना वाटे. त्या जमिनीच्या ठोक्यात दुसरंही काही असेल, असा संशय यावा अशी ती गोष्टच नव्हती.

मला तो कधी आला? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता खरं उत्तर कोणतं आणि मी पुढे जुळवलेलं कोणतं, ते सांगता येत नाही. एवढं आठवतं की पोळ्याच्या बाजारात मायने मला काचेच्या हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या होत्या, एका हातात सहा. त्यांचा आवाज मला इतका आवडला की मी त्या रात्री काढल्याच नाहीत. तीन दिवस ओळीने मी तोच आवाज आणला. तीनदा बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि तीनदा म्हणाले, "हा नाई. दुसरा आन." तिसऱ्या दिवशी मी रडले. ताईची मुसळं ठेवता आणि माझ्या बांगड्या काऊन नाही, असं ओरडले. बाबा गोंधळून मायकडे पाहू लागले. माय झटकन म्हणाली, "काचेचा आवाज अशुभ राह्यते व पोरी, फुटन एखादी." म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाजेवर पडल्या पडल्या मी परत गेलेले आवाज एकामागून एक आठवत होते. टिटवी, घंटी, रातकिडा, बांगड्या. मला वाटतं, ते सगळे बारीकच आवाज आहेत, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं. मी दहा-अकरा वर्षांची होते, एवढी लहानही नव्हते.

दिवाळीच्या आधी कंपनीची तालीम एका गिरणीच्या रिकाम्या गोदामात चालायची. पहिल्या पूर्ण तालमीला दुपारी नारळ फुटायचा, मग सगळं नाटक पेटी-तबल्यासह एकदा उभं राहायचं. बाबांचा डबा न्यायचं काम माझं. कंपनीचे मालक नानाजी, धोतर-कोट घातलेले, तापट पण मनाने वाईट नव्हते. तबल्याला हमीदभाई होते. एरवी ते बाजारात शिलाईचं दुकान चालवत आणि हंगामात तबला. बाबांचे ते पंधरा वर्षांचे साथीदार. गाणाऱ्या सरूबाई काळी चारमध्ये गायच्या, गेली कित्येक वर्षं त्याच पट्टीत, आणि बाबांची बोटं डोळे मिटूनही तिथे पडत. हमीदभाई सम आली की मान जरा मोठी झुकवत. बाबा त्यांच्या मानेकडे आणि सरूबाईंच्या गळ्याच्या शिरेकडे पाहत वाजवत. एवढ्यावर ते निभावत होते. कधीपासून, कोण जाणे.

मी पोचले तेव्हा नारळासाठी सगळे उभे होते. गोदामात कोंड्याचा गोड, दमट वास भरला होता. बाबा पेटीपाशी पाठमोरे बसले होते, हात जोडून. नानाजी मनात काहीतरी पुटपुटत होते. बाकी सगळं चिडीचूप. मी डबा खाली ठेवला, बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले, हात त्यांच्या कानाजवळ नेला आणि बांगड्या वाजवल्या.

त्यांनी वळून पाहावं, एवढंच मला हवं होतं. ते वळले असते, रागावले असते, तालमीत मस्ती करतेस म्हणून एक धपाटाही घातला असता, तरी मी आनंदाने घरी गेले असते. म्हणजे मला शंका होती. शंका नसती तर मी बांगड्या कानाशी नेल्या नसत्या, आपल्या जागेवरूनच वाजवल्या असत्या. पण मग ती घरी का नाही तपासली? तीस माणसांसमोर का? घरी तीनदा मला परत पाठवलं होतं, म्हणून?

बांगड्या किणकिणल्या आणि गोदामातल्या सगळ्या माना वळल्या. एक सोडून. मी पुन्हा वाजवल्या, जोरात. बाबा हात जोडून तसेच बसले होते. नानाजी नारळ हातात धरून चार पावलं पुढे आले, त्यांच्या पाठीमागे उभे राहिले आणि बोलताना वापरतो तेवढ्याच आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या घराले आग लागली."

बाबा हलले नाहीत.

"किती दिवस झाले, हमीद?" नानाजींनी विचारलं.

हमीदभाई जमिनीकडे पाहत होते. "पेटी तं सुरात वाजून राह्यली न, नानाजी."

"आज वाजून राह्यली. उद्या मंडईत सरूबाईचा गळा बसला, तिनं पट्टी उतरवली, तं? हजार मानसासमोर हा मानूस काळी चारच वाजवत बसन." ते रागाने बोलत नव्हते. उलट त्यांचा आवाज खाली गेला होता, जणू बाबांना ऐकू जाईल याची त्यांना भीती वाटत होती.

समोर उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे बघून बाबांना काहीतरी कळलं असावं. ते वळले. आधी त्यांनी नानाजींना पाहिलं, मग मला. माझा हात अजून वरच होता, त्यांच्या कानाच्या उंचीवर. त्या हाताकडे, बांगड्यांकडे ते पाहत राहिले. माझ्याकडे तसं कोणी पुन्हा पाहिलं नाही, आणि देव करो, कुणाकडेही कुणी तसं न पाहो. मग त्यांनी पेटीचा भाता दाबून हवा काढली, कडी लावली, वर कापड टाकलं. मला म्हणाले, "डबा आनला काय?" आणि तिथेच गोणपाटावर बसून सगळ्यांच्या देखत शेवटच्या शितापर्यंत जेवले. नारळ त्या दिवशी फुटला की नाही, आठवत नाही.

बाहेर हमीदभाईंनी मला गाठलं. मला वाटलं मारतील. त्यांनी नुसतं डोक्यावर हात ठेवला. "झाकली मूठ होती, पोरी," म्हणाले, "दोन-तीन साल आखीन निघून गेले असते." त्यांच्या बोटांना शिलाईच्या खडूची भुकटी लागलेली होती, ती माझ्या केसांना लागली. घरी मायने कपाळावर हात मारून घेतला नाही की ती रडली नाही. "आपलेच दात, आपलेच ओठ," एवढंच म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. ती आणि हमीदभाई, दोघांनी मिळून ती मूठ झाकून धरली होती.

संध्याकाळी भात शिजला. मला वाटत होतं, आज खेळ होणार नाही, आता कधीच होणार नाही. बाबा नेहमीच्या जागी बसले. पेटी गोदामातच राहिली होती. "आना," ते म्हणाले, "आजचे आवाज." ताईने मुसळ ठोकलं, तिचा चेहरा रडून सुजला होता. "ठेवा." मायने चिमटा जमिनीवर दोनदा वाजवला. तिने तो आवाज खेळात पहिल्यांदाच आणला होता. "ठेवा." मग माझी बारी. मी हात वर केला आणि मला तो हलवता येईना. बांगड्या मनगटावर गप्प होत्या. मी हात तसाच धरून बसले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा बघत होते. मग त्यांनी मान हलवली. "हा चांगला हाय," म्हणाले. "ठेवा."

मी ते स्वीकारलं. न वाजवलेला आवाज त्यांनी ठेवून घेतला, त्यांना कळलंच नाही, असं मी समजले आणि मला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि मेल्यासारखं झालं. ताईचं मुसळ, मायचा चिमटा आणि मग माझ्यासाठी एक रिकामी मात्रा. बाबा मांडीवर थाप देऊन ती मोजत होते. त्या रात्री आम्ही तसंच वाजवलं आणि जेवलो.

त्या हंगामात कंपनीने नागपूरकडून दुसरा पेटीवाला आणला. बाबा गिरणीत भरलेल्या पोत्यांची तोंडं दाभणाने शिवायला लागले. तिथे यंत्राच्या घरघरीत सगळेच बहिरे, त्यामुळे त्यांना वेगळं वाटत नसे, असं ते म्हणत. त्यांचं ते म्हणणं मला कधी खरं वाटलं नाही. पेटी परत आली, पण उघडली गेली ती क्वचित. खेळ मात्र सुटला नाही. ताईचं लग्न होईपर्यंत, माझं लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी "आना" म्हटलं जायचं. मी बांगड्या काढून ठेवल्या त्या ठेवल्याच. माझ्या लग्नात चुडा भरताना मला घाम फुटला होता, बायकांना वाटलं, नवरीची लाज आहे.

शेवटच्या वर्षात बाबांना काहीच ऐकू येत नसे. काही सांगायचं तर आम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचो. माय गेली होती. दिवाळीला मी वडशाला गेले होते, दुपारी त्यांच्या पायांना तेल चोळत होते आणि ते कवेलूंकडे बघत पडले होते. एकदम म्हणाले, "तुनं त्या दिवशी काईच वाजवलं नोहतं."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"बांगड्या हलल्याच नाई न. कान गेले होते, डोळे थोडी गेले होते." ते रागावलेले नव्हते. जुनी गंमत आठवावी तसं बोलत होते.

मी त्यांचा हात ओढून त्यावर लिहिलं, मग ठेवला काऊन?

"तुयी बारी होती न," ते म्हणाले. "बारी खाली कशी जाऊ द्याची?"

आणि हात त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला, उघडा, माझ्यासमोर. आता पुन्हा माझीच बारी होती. मला लिहायचं होतं, बाबा, गोदामात मी हात वर नेला तेव्हा मले मालूम होतं. किती अक्षरं होतात त्याची? पण बोट त्यांच्या तळहातावर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यांच्या हाताला दाभणाचे जुने घट्टे होते. ते वाट पाहत होते. शेवटी मी त्यांची मूठ मिटून दिली आणि पुन्हा पायाला तेल लावू लागले. पुढच्या महिन्यात ते गेले.

ती एकच बारी मी चुकवली.